चांगुणाबाईच्या हातचं पाणी

त्या रविवारी जामखेडच्या घरात सगळं नेहमीसारखंच चाललं होतं. नाना ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते आणि रस्त्यानं जाणाऱ्या एसट्या मान वर न करता, नुसत्या आवाजावरून ओळखत होते. "ही बीडची. हिचा दुसरा गिअर नीट पडत नाही." निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी त्यांच्यातला स्टँडवरचा कंट्रोलर काही निवृत्त झाला नव्हता. त्यांची लेक सीमा आदल्या संध्याकाळी नगरहून आली होती. सावेडीतल्या एका शाळेत ती विज्ञान शिकवायची. पेपर तपासायला म्हणून गठ्ठा आणला होता, तो तसाच पडला होता, कारण मार्च संपत आला होता आणि घरातली एकमेव गार जागा दारातल्या रांजणापाशी होती.

तो रांजण सीमाच्या आईचा, चांगुणाबाईचा. त्याला ओलं पोतं गुंडाळलेलं असे आणि झाकणीवर घासलेला तांब्या. येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी दिल्याशिवाय ती कुणाला पुढं जाऊ देत नसे. शेजारच्या झुंबरबाईंनी त्या दिवशीही तांब्या तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "चांगुणाबाई, ह्यात गूळ टाकता का काय वो तुमी?"

"गूळ न्हाई, घाम टाकते. टँकरपासनं डोक्यावर आणते मी ते."

"आणि मी?" नाना खुर्चीतून म्हणाले.

"तुमी एस्ट्या मोजा."

झुंबरबाई हसत घरी गेल्या. सीमाला आठवत होतं, हीच बाई सुरुवातीची कितीतरी वर्षं पायरीवर उभी राहून म्हणायची, "आत्ताच पिऊन आले." गल्लीतले सगळेच तेव्हा आत्ताच पिऊन आलेले असत. बौद्ध वस्तीतून उठून या गल्लीत घर बांधलेल्या बाईच्या हातचं पाणी टाळायची ती सभ्य रीत होती. चांगुणाबाई भांडली नाही. ती रोज रांजण भरत राहिली. मग एका उन्हाळ्यात नळ आटले, गल्ली तिच्या दारात आली आणि पुन्हा कुणी पिऊन आलेलं नसे.

सोमवारी सकाळी दाढी करताना नाना खाली बसले. घामानं बनियन भिजला होता. डावा हात धरून ते म्हणाले, "जड वाटतंय." रिक्षातून त्यांना स्टँडमागच्या दवाखान्यात नेलं. कल्याण डॉक्टर नुकतेच दवाखान्यात पोचले होते. पायऱ्या नाना स्वतः चढले आणि आत, कॉटवर बसता बसता कलंडले.

पुढचं सगळं सीमानं दारातून पाहिलं. डॉक्टर छाती दाबत होते. सिस्टर हातात सुई धरून कोपरापाशी, मनगटापाशी टोचत होती. "शीर मिळत नाही, सर."

"राहू दे. नळी टाकतो. नळीतूनच औषध देऊ."

पद्धत चुकीची नव्हती. सीमानं नंतर नगरला जाऊन डॉक्टरीची पुस्तकं चाळली, त्यांत ते होतं. हृदय थांबलं आणि शीर सापडली नाही, तर घशातून श्वासनलिकेत नळी घालायची, सुई नसलेल्या सिरिंजनं औषध त्या नळीत सोडायचं आणि रबरी फुगा जोरानं दाबून ते फुप्फुसात उडवायचं. तिथून ते रक्तात उतरतं. पण पुढं लिहिलं होतं ते तिला वाचायची गरज नव्हती. नववीच्या मुलांना ती दरवर्षी फळ्यावर काढून दाखवायची: श्वासनलिका पुढं, अन्ननलिका तिच्या लगेच मागं. दोन्हींची तोंडं एकाच घशात.

डॉक्टरांनी औषध सोडलं, फुगा दाबला. नानांचं पोट वर आलं. छाती हलली नाही. आणि आवाज आला. हंडा आडवा करून पाण्यात बुडवला की येतो तसला. दाब. गुडगुड. दाब. गुडगुड. दर वेळी बेंबीपाशी कातडी ताणली जाई आणि बरगड्या जशाच्या तशा राहत.

"डॉक्टर, छाती—" ती म्हणाली.

"ह्या बाईंना बाहेर घ्या," डॉक्टर तिच्याकडं न बघता म्हणाले. स्टेथोस्कोप त्यांच्या गळ्यात होता. तो त्यांनी कानाला लावलाच नाही.

दार बंद झालं. ते उघडलं तेव्हा नळी काढलेली होती. "भेटून घ्या," डॉक्टर म्हणाले. चांगुणाबाईनं तिथल्याच पेल्यातलं पाणी चमच्यानं नवऱ्याच्या ओठांत सोडलं. जाणाऱ्याला कोरड्या तोंडानं जाऊ द्यायचं नसतं, एवढंच तिला ठाऊक. पाणी गालावरून ओघळून उशीत मुरलं.

तासाभरात बाहेर भावकी जमली. नानांची थोरली बहीण कडूबाई ऊर बडवत होती. "काय झालं माझ्या भावाला?" ती डॉक्टरांना विचारत होती. डॉक्टर व्हरांड्यात आले, सगळ्यांकडं पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आम्ही औषध थेट फुप्फुसात दिलं होतं. ठोके परत येत होते. पण बाईंनी पाणी पाजलं. ते छातीत गेलं. तुमच्या लोकांत ही सवयच असते, काय करणार?"

तुमच्या लोकांत. सीमाच्या डोळ्यांपुढं अंधारी आली ती दुःखानं नव्हे. ज्या बाईनं आपल्या हातच्या पाण्यासाठी अर्धं आयुष्य, तोंडातून शब्द न काढता, वाट पाहिली, तिचं तेच पाणी या माणसानं एका वाक्यात विष करून टाकलं. आणि तो हात धुऊन आत निघून गेला.

*

जलदान विधीच्या दिवशी भन्तेजींनी चांगुणाबाईच्या हातात तांब्या दिला. सूत्रपठण चालू असताना ताटातल्या वाटीत पाण्याची धार धरायची, वाटी भरून वाहेपर्यंत. चांगुणाबाईचा हात वर गेला आणि तिथंच थांबला. धार पडेना.

"वत की आता," मागून कडूबाई म्हणाली. "तवा कसं वतलंस? पानी पाजलंस आन् माझा भाऊ घालवलास."

बोलणं संपलं आणि तिला उचकी लागली.

आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग ती वाढली. विधी कसाबसा उरकला. कुणी साखर आणली, कुणी पाठीवर थाप मारली. "कुणीतरी आठवन काढतंय, आत्या," एक भाचा म्हणाला. "नावं घ्या. ज्याच्या नावाला थांबंल त्यानं काढली." कडूबाई लेकांची नावं घेत गेली, लेकींची, नातवंडांची, पुण्याच्या व्याह्यांची. उचकी थांबेना. तिचे डोळे पांढरे व्हायला लागले. शेवटी तिनं रडतच भावाला हाक मारली, "जालिंदर, आरं जालिंदरा!"

थांबली.

मग बायका रडू लागल्या, की बघा, बहिणीवर किती जीव होता. सीमा रडली नाही. ती समोर बसली होती. उचकीत माणसाचं अंग कसं उडतं ते तिला माहीत होतं. कडूबाईचं तसं उडत नव्हतं. लुगड्याखाली पोट सावकाश वर येत होतं, तट्ट फुगत होतं, छाती लाकडासारखी निश्चल होती. आणि आवाज हंड्याचा होता.

दुःखात माणसाला काहीही दिसतं, असं तिनं स्वतःला समजावलं. पण आठवड्याभरात झुंबरबाईंनी ओट्यावर कुणाला तरी तेच सांगितलं, "पानी पाजलं म्हनं हिनं," आणि तोंडावर पदर दाबून घरात पळाल्या. त्यांनाही उचकी थांबवणारं नाव सापडेपर्यंत संध्याकाळ झाली. त्यानंतर गल्लीत ते वाक्य कुणी बोलेना. खरं काय ते कुणाला कळलं नव्हतं. बोलायची भीती बसली होती, इतकंच.

सीमा आईला घेऊन सावेडीला आली. शाळेत रुजू झाल्यावर मुख्याध्यापिकांनी हळहळून विचारलं, "अहो, पाणी छातीत गेलं म्हणे?" सीमा इतकी थकली होती, की विषय संपावा म्हणून "हो" म्हणाली. "हो, पाणी गेलं."

पोटात काहीतरी दाबलं गेलं.

ते बाहेरून आलं. घशातून काहीतरी गार, मोकळं आत शिरलं आणि खाली, भलत्याच बाजूला उतरलं. पोट ताणलं. गुडगुडलं. छाती आपली वाट बघत राहिली. पुन्हा दाब. तिनं तोंड उघडलं, हवा आत येत होती, येत होती, आणि तिला मिळत नव्हती. भिंतीवरचा श्वसनसंस्थेचा तक्ता तिच्या समोरच होता. "नाना," ती म्हणाली. थांबेना. मग आयुष्यात पहिल्यांदा तिनं बापाचं नुसतं नाव घेतलं. जालिंदर.

छातीत हवा आली. ती खुर्चीत बसून बराच वेळ नुसता श्वास घेत राहिली. त्या सकाळी कॉटवर काय होत होतं ते तिनं पाहिलं होतं. आता तिला ते माहीत झालं होतं.

*

बाकीच्यांना उचकी लागायची आणि सुटायची. चांगुणाबाईची सुटली नाही. जलदानाच्या दिवसापासून ती लागली होती, मंद, एकसारखी, झोपेतसुद्धा. कारण बाकीचे ते वाक्य एकदा बोलले होते, आणि ती मनातल्या मनात सारखं तेच बोलत होती. पाणी तिनं टाकलंच होतं. ताकावर, चहाच्या घोटावर राहायची. घरी कुणी आलं तर माठाकडं बघायची आणि पदराखाली हात घ्यायची. गालांची हाडं वर आली होती. नगरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, एक्स-रे काढला. सगळं ठीक आहे म्हणाले.

"आई, नाव घे," सीमा म्हणायची. "कडूआत्याची थांबली, माझी थांबली. एकदा घे."

"कुनाचं?"

"तुला माहिताय कुणाचं."

चांगुणाबाई एवढ्यातही लाजायची. "येडी का गं तू? लगीन झाल्यापासनं कंदी घेतलं न्हाई मालकाचं नाव. रेशनच्या दुकानातबी शेजारनीला सांगाया लावायची मी." मग उचकी यायची, पोट वर यायचं, आणि ती त्यावर हात ठेवून म्हणायची, "आन् आठवन काढत्यात तर काढू दी की. माझ्या हातानं गेले. तेवढं तरी सोसू दी."

सीमाच्या जिभेवर यायचं. नळी पोटात होती. तीन शब्द. पण त्या तीन शब्दांच्या मागं आणखी एक वाक्य उभं होतं, की नाना वाचले असते. आईला तिच्या पापातून सोडवायचं तर तिला हे द्यावं लागणार होतं. शिवाय आई विचारणार, तुला कसं ठाऊक? तू काय डॉक्टर हायेस? तिच्या लेखी डॉक्टर म्हणजे डॉक्टर. ज्यानं ते वाक्य तिच्या डोक्यात घातलं, त्यानंच ते काढावं, असं सीमानं ठरवलं. संतापानं ठरवलं. आईचं लुगडं एव्हाना अंगावर ठरत नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडायच्या आत, दोघी सकाळच्या जामखेड एसटीनं निघाल्या.

*

दवाखान्याचा व्हरांडा भरलेला होता. बाकांवर पिशव्या, काठ्या, कुशीत पोरं. आतून, पडद्याच्या पलीकडून, ठरावीक वेळानं आवाज येत होता. सीमा उंबऱ्यातच थांबली. आईनंही मान वळवली. दोन्ही उचक्या, म्हणजे आईची आणि ती आतली, एकाच ठेक्यात चालल्या होत्या.

"डॉक्टरांना बरं न्हाई," कंपाउंडर हळूच म्हणाला. "दोन महिने झाले. पुन्याला जाऊन आले. काय सापडंना."

"कुनीतरी लई आठवन काढतंय त्यांची," बाकावरची एक म्हातारी म्हणाली. तिला सगळे गोजरबाई म्हणत होते.

"सासू असंल," कुणीतरी म्हणालं, आणि बाक हसला.

"सासूची आठवन एका दिसात सपती, बाबा. ही लई चिवट हाय."

नंबर आला. कल्याण डॉक्टर टेबलामागं बसले होते. दोन महिन्यांत दहा वर्षांनी म्हातारे झालेले. पांढऱ्या कोटाची खालची गुंडी दर उचकीला ताणली जात होती. वरची हलत नव्हती. सीमा त्या दोन गुंड्यांकडं बघत उभी राहिली.

"काय... त्रास?" त्यांनी विचारलं.

"तुम्हाला आहे तोच," सीमा म्हणाली. "ही माझी आई. मार्चमध्ये माझ्या वडलांना इथं आणलं होतं. तुम्ही नळीतून औषध दिलंत. ते कुठं गेलं, तेवढं हिला सांगा."

डॉक्टरांनी चांगुणाबाईकडं पाहिलं. ओळख पटली. चेहरा एकदम सावध झाला. इतका, की सीमाच्या मुठी वळल्या. या माणसाला सगळं माहीत होतं. त्या दिवशीही होतं.

"बाई, मी तेव्हाच सांगितलं. ह्यांनी पाणी पाजलं, ते—"

वाक्य पुरं झालं नाही. खुर्ची मागं सरकली. त्यांचं पोट टेबलाच्या कडेपर्यंत वर आलं, आवाज भिंतींना लागला, ओठ निळे दिसू लागले. त्यांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. सीमा जागची हलली नाही. चांगुणाबाई मात्र पुढं झाली. "आगं, त्यांला पानी—" ती म्हणाली, आणि स्वतःच्या हाताकडं बघून थबकली.

"नाव," डॉक्टर म्हणाले. दोन उचक्यांच्या मधल्या जागेत त्यांना एकेकच शब्द मिळत होता. "लोक म्हणतात... नाव घेतलं की... त्यांचं नाव... काय होतं?"

सीमाला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण त्यांचे डोळे खरंच विचारत होते. माणूस यांच्या हाताखाली गेला होता. त्याच्या बायकोला यांनी मारेकरी केलं होतं. आणि नाव काय होतं?

डॉक्टरांनी चांगुणाबाईकडं हात जोडले. "बाई... तुम्ही सांगा."

चांगुणाबाईनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. तिचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"आमच्यात मालकाचं नाव घेत न्हाईत, डॉक्टर."

खोलीत नुसत्या दोन उचक्या राहिल्या, एकीत एक मिसळलेल्या. मग डॉक्टर स्वतःच नावं घेऊ लागले. डोळे मिटून, शोधत, अंधारात चाचपडत एकेक वस्तू उचलावी तसं.

"रंगुबाई... नाही... भिकाजी... दिपाली..."

सीमाला आधी वाटलं, ती नातेवाइकांची नावं आहेत.

"शेवंता... नामदेव... गहिनीनाथ..."

पडद्याबाहेर बाकावरची कुजबुज थांबली.

"गहिनीनाथ?" बाहेरून गोजरबाईचा आवाज आला. पडदा बाजूला झाला. काठी टेकत म्हातारी दारात उभी होती आणि तिच्या मागं व्हरांड्यातले सगळे. "माझ्या लेकाचं नाव कशापायी घेताय, डॉक्टर? गेल्या साली हितंच गेला त्यो. ह्याच कॉटवर."

डॉक्टरांनी डोळे उघडले नाहीत. नावं चालूच होती. दर नावाला मागच्या गर्दीत कुणीतरी मान वर करत होतं.

"तुमीच म्हनला हुता," गोजरबाई म्हणाली, "की आमी लई उशिरा आनला—"

तिचा हात पोटावर गेला. काठी खाली पडली.

हंडा पाण्यात बुडला.

सीमानं आईला खांद्यांना धरून आपल्याकडं वळवलं. तळहातांखाली नुसती हाडं लागली. तिनं आवाज चढवला, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा असतो तसा.

"आई, तुझं पाणी नव्हतं."

चांगुणाबाईची उचकी अर्ध्यावर अडली. पदराखाली छाती वर आली, भरली, आणि थरथरत राहिली.

"तुझ्या पाण्याच्या आधीच झालं होतं सगळं," सीमा म्हणाली. ती आता दारातल्या गोजरबाईकडं बघत होती. "शीर सापडली नाही म्हणून ह्यांनी नळीतून औषध दिलं. ते नानांच्या छातीत गेलंच नाही. मी दारात उभी होते, मी पाहिलं. नळी पोटात होती. नाना वाचले असते, आई. नळी पोटात होती."